टायगर ट्रायम्फ २०२५ : पोहता न येणाऱ्या हवालदाराची सहा महिन्यांची तयारी

मी पारोळा तालुक्यातील एका कोरडवाहू गावचा. भूदलात चोवीस वर्षे नोकरी करून ३१ ऑगस्ट २०२५ रोजी हवालदार पदावरून निवृत्त झालो. नोकरीच्या शेवटच्या वर्षी, एप्रिल २०२५ मध्ये, भारत आणि अमेरिका यांच्या ‘टायगर ट्रायम्फ’ या संयुक्त सरावात भाग घेण्याची संधी मला मिळाली. गावाकडची भरती झालेली आणि भरतीच्या तयारीत असलेली मुले त्याविषयी वारंवार विचारतात, आणि दर वेळी त्यांच्या बोलण्यात पाण्याची भीती असते. तीच भीती मलाही होती. म्हणून सगळे क्रमाने लिहून ठेवतो. माझ्या तुकडीचे नाव, माणसांची संख्या आणि संदेशवहनाचा तपशील यात नाही. सरावाविषयी सरकारने स्वतः जाहीर केले आहे तेवढेच सांगून उरलेले माझ्यापुरते लिहिले आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत मरीन कोअर हे स्वतंत्र दल आहे. आपल्याकडे तसे दल नाही. समुद्रातून किनाऱ्यावर उतरण्याचे काम भूदलातील खास तयार केलेल्या तुकड्या नौदलाच्या जहाजांवरून करतात. त्यामुळे अशा सरावात त्यांच्या मरीन जवानांच्या शेजारी उभा राहणारा आपला माणूस बहुधा पायदळाचाच असतो, आणि तो पारोळ्याचा, साक्रीचा किंवा शहाद्याचाही असू शकतो. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर भारत, अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलिया या चार देशांनी मदतकार्यात एकमेकांशी समन्वय साधला होता. टायगर ट्रायम्फची पहिली फेरी १३ ते २१ नोव्हेंबर २०१९ या काळात विशाखापट्टणम आणि काकीनाडा येथे झाली. त्या मदतकार्याप्रमाणेच या सरावाचा मुख्य विषय मानवतावादी मदत आणि आपत्ती निवारण हा असतो. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी हुदहुद चक्रीवादळ ज्या विशाखापट्टणमवर आदळले, त्याच किनाऱ्यावर हा सराव होतो, हे ध्यानात घेतले म्हणजे विषयाची निवड पटते.

माझी गोष्ट नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झाली. येत्या उन्हाळ्यात समुद्रावरचे प्रशिक्षण असल्याने सर्वांची पोहण्याची चाचणी घेतली जाईल, अशी सूचना आली. पूर्ण गणवेशात पन्नास मीटर पोहायचे आणि पाच मिनिटे पाण्यात तरंगत राहायचे होते. मी बारा मीटरपर्यंत गेलो आणि तलावाचा कठडा धरला. आमच्याकडची विहीर साठ फूट खोल, पाणी तळाशी पुरुषभर, आणि फाल्गुन लागला की तेही आटायचे; त्यामुळे लहानपणी पोहायला पाणीच नव्हते. भरतीनंतर जुजबी हातपाय मारायला शिकलो होतो, पण पुढची कित्येक वर्षे डोंगरात आणि वाळवंटात गेली. कठडा धरून उभा असताना माझ्याहून वीस वर्षांनी लहान जवान बाजूने सरळ निघून गेले, तेव्हा फार वाईट वाटले. संध्याकाळी सुभेदार साहेबांकडे गेलो आणि मला पाण्याची भीती वाटते हे स्पष्ट सांगितले. ते म्हणाले, “बरं झालं, आत्ताच सांगितलंत. जहाजावर चढल्यावर सांगितलं असतंत तर मी काहीच करू शकलो नसतो. रजेत शिका. जानेवारीत पुन्हा चाचणी घेऊ.” तुम्हालाही भीती असेल तर ती पहिल्याच आठवड्यात सांगा, कारण सुरुवातीला तिच्यावर उपाय करायला वेळ हाताशी असतो.

डिसेंबरच्या रजेतले बावीस दिवस मी जळगावला बहिणीकडे राहिलो. एका तरणतलावाचे महिन्याचे शुल्क १,२०० रुपये भरले. पोहण्याचा पोशाख आणि चष्मा मिळून ६५० रुपये लागले. खान्देशातली डिसेंबरची थंडी ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना सकाळी साडेसहाच्या पाण्याविषयी वेगळे सांगायला नको. शिकवणारा मुलगा पंचविशीचा होता. पहिले चार दिवस त्याने मला पोहूच दिले नाही. कमरेइतक्या पाण्यात उभे राहायचे, तोंड पाण्यात घालून नाकातोंडातून सावकाश हवा सोडायची, डोके वर काढून श्वास घ्यायचा, एवढेच तो तासभर करवून घेई. पाचव्या दिवशी उताणे तरंगायला शिकवले. “काका, मान सोडा. मान आखडली की पाय बुडतात,” हे वाक्य त्याने किमान शंभर वेळा सांगितले असेल. खरे म्हणजे माझी भीती मानेतच होती. कान पाण्याखाली गेले की बाहेरचा आवाज बंद होतो आणि स्वतःचा श्वास मोठ्याने ऐकू येतो, तेव्हा माणूस मान उचलतो आणि तिथेच सगळे बिघडते. नवव्या दिवशी मान सुटली. त्यानंतर पन्नास मीटर पोहणे हा केवळ सरावाचा भाग उरला.

रजा अशी जळगावात गेल्याचे पत्नीला वाईट वाटले, आणि ते योग्यही होते. तिच्याशी आधी बोलायला हवे होते. आईने एवढेच म्हटले, “पानीमा जपीसन ऱ्हायजो, भाऊ.”

२० जानेवारीला मी चाचणी पार केली. वेळ उत्तम नव्हती, पण कठड्याला हात लावला नाही.

फेब्रुवारी कागदपत्रांत गेला. वैद्यकीय तपासणी, दातांची तपासणी आणि लसीकरणाची नोंद ही कामे चार दिवसांत आटोपली. अडचण आली ती निकटच्या नातेवाइकांच्या तपशिलात. माझ्या सेवापुस्तिकेत पत्नीच्या नावापुढे ‘बाई’ लागलेले होते आणि आधार कार्डावर ते नव्हते. लग्नाच्या वेळी लिहून घेणाऱ्याने आपल्याकडच्या रीतीप्रमाणे ‘बाई’ लावले आणि मीही सही केली, ती चूक सतरा वर्षे तशीच राहिली. समुद्रावरच्या कामावर जाण्याआधी विमा आणि नामनिर्देशन यांची फेरतपासणी होते, तेव्हा ती उघडकीस आली. प्रतिज्ञापत्र, नोटरी आणि दोन वर्तमानपत्रांतील जाहिराती मिळून २,६५० रुपये खर्च झाला. ३ फेब्रुवारीला अर्ज दिला. प्रतिज्ञापत्रात माझा सेवाक्रमांक लिहिला नव्हता, एवढ्या कारणावरून तो एका कार्यालयातून सोळा दिवसांनी परत आला. पत्नीला पारोळ्याला जाऊन प्रतिज्ञापत्र पुन्हा करावे लागले. दुरुस्तीचा आदेश, ज्याला आम्ही ‘पार्ट टू ऑर्डर’ म्हणतो, १९ मार्चला निघाला, म्हणजे आम्ही निघण्याच्या आदल्या दिवशी. नोकरीत असलेल्या प्रत्येकाला माझी विनंती आहे की, आज संध्याकाळीच सेवापुस्तिका, आधार, पॅन आणि बँकेचे पासबुक समोर ठेवून पत्नीचे आणि मुलांचे नाव अक्षराअक्षराने जुळवून पाहावे. आणि प्रतिज्ञापत्र करताना सेवाक्रमांक, पद व तुकडी पहिल्याच परिच्छेदात लिहून घ्यावी.

२० मार्चला लष्करी विशेष रेल्वेगाडीने निघालो. वाहने उघड्या वाघिणींवर चढवून, चाकांना लाकडी गुटके लावून साखळ्यांनी बांधायची आणि प्रत्येक मोठ्या थांब्यावर उतरून साखळ्या तपासायच्या, यात प्रवास कसा संपला ते कळले नाही. विशाखापट्टणमला तंबूत मुक्काम होता. ३० मार्चला गुढीपाडवा आला. आमच्यातल्या चार-पाच मराठी जवानांनी तंबूच्या खांबाला स्वच्छ टॉवेल आणि स्टीलचा तांब्या बांधून गुढी उभारली. लिंबाचा पाला छावणीतच मिळाला. मेसमधल्या आचाऱ्याने गोड शिरा केला. घरी फोन लावला, तेव्हा आईने समुद्र कसा दिसतो असे विचारले, आणि मला नीट सांगता आले नाही.

१ एप्रिलला आपल्या नौदलाच्या आयएनएस जलाश्व या जहाजावर दोन्ही देशांचे संयुक्त ध्वजसंचलन झाले आणि बंदरातला टप्पा सुरू झाला. हा टप्पा ७ एप्रिलपर्यंत चालला. आपल्या बाजूने जलाश्व, घडियाल, मुंबई आणि शक्ती ही जहाजे होती; अमेरिकेची कॉमस्टॉक आणि राल्फ जॉन्सन ही दोन जहाजे आली होती. जलाश्व हे जहाज मुळात अमेरिकेचेच. तिथे ते १९७१ पासून ‘ट्रेंटन’ या नावाने सेवेत होते आणि २२ जून २००७ रोजी भारतीय नौदलात दाखल झाले. करोनाच्या काळात, मे २०२० मध्ये, मालदीवहून ६९८ भारतीयांना कोचीला आणणारे जहाज हेच. राल्फ जॉन्सन हे नाव ज्याच्यावरून ठेवले, तो व्हिएतनाममधला एक तरुण मरीन जवान होता. मार्च १९६८ मध्ये सोबत्यांना वाचवण्यासाठी त्याने हातबॉम्बवर स्वतःला झोकून दिले. ही हकिगत कळल्यावर त्या जहाजाकडे पाहण्याची माझी नजर बदलली.

बंदरातल्या या सात दिवसांविषयी सविस्तर लिहिले पाहिजे, कारण बाहेरच्या लोकांना सराव म्हणजे हेलिकॉप्टर, रणगाडे आणि किनाऱ्यावर धावणारे जवान एवढेच दिसते. आमचा बराचसा वेळ टेबलाभोवती, वहीपेन्सिल घेऊन आणि एकमेकांचे शब्द समजून घेण्यात गेला. माझे काम वाहने जहाजावर घेताना आणि उतरवताना चालकाला इशारे देण्याचे होते. त्यांच्याकडचा जवान ‘थांब’ सांगण्यासाठी दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरायचा. मला एक हात वर करून तळवा दाखवण्याची सवय. उजेडात दोन्ही खुणा कळतात. पण जहाजाच्या पोटात इंजिनांचा आवाज, धूर आणि मागून येणारा उजेड असताना चालकाला फक्त काळी आकृती दिसते, आणि त्या आकृतीचा वर गेलेला एक हात ‘थांब’ म्हणतो आहे की ‘पुढे ये’ म्हणतो आहे, हे ओळखता येत नाही. दोन्ही हातांची फुली मात्र ओळखू येते. आम्ही त्यांची खूण घेतली. चाके वळवण्याच्या बाबतीत आमची खूण अधिक स्पष्ट होती, ती त्यांनी घेतली. मग एका पुठ्ठ्यावर सगळ्या खुणांची चित्रे काढून तो पुठ्ठा दोन्हीकडच्या चालकांना दाखवला. वायरलेसवर मात्र एका गोष्टीची अडचण आली नाही. ऐकू आले नाही तर ‘रिपीट’ म्हणायचे नाही, ‘से अगेन’ म्हणायचे, कारण ‘रिपीट’ हा तोफखान्याला तोच मारा पुन्हा करण्याचा शब्द आहे. हे दोघांनाही भरतीपासून शिकवलेले होते.

इंग्रजीची धास्ती आमच्या बऱ्याच जवानांना होती. माझे शिक्षण बारावीपर्यंतचे. मी अनुभवाने सांगतो की, लांब वाक्ये बोलण्याचा प्रयत्न करू नये. तीन-चार शब्दांत सांगावे, समोरच्याकडून ते परत वदवून घ्यावे, आणि त्याने सांगितलेले आपणही परत म्हणावे. मरीन जवान बहुतेक एकोणीस-वीस वर्षांचे होते, भरभर बोलत. पण ‘स्लो, प्लीज’ म्हटले की न रागावता पुन्हा सांगत. विचारायला लाजणारा माणूस अशा ठिकाणी सर्वांनाच धोक्यात घालतो.

८ एप्रिलला जहाजे समुद्रात निघाली. जहाजावर तीन मजली बिछाने असतात. सामान मऊ पिशवीत असले तरच बसते, कडक पेटी नेऊ नये. जिना उतरताना तोंड जिन्याकडेच ठेवावे आणि दारांच्या उंच लोखंडी उंबऱ्यांकडे लक्ष असावे, नाहीतर पहिल्याच दिवशी नडगी फुटते. मी ४८० रुपयांची जलरोधक पिशवी आधीच विकत घेतली होती, तिच्यात कोरडे मोजे, ओळखपत्राची प्रत आणि औषधे ठेवली. हा खर्च सार्थकी लागला. समुद्र लागण्याच्या बाबतीत मी एक चूक केली. डॉक्टरांनी दिलेली गोळी जहाज हलण्याच्या आधी घ्यायची होती, मी मळमळ सुरू झाल्यावर घेतली आणि पहिली रात्र वाईट गेली. नौदलाच्या एका नाविकाने सकाळी मला वर मोकळ्या डेकवर नेले, क्षितिजाकडे पाहायला लावले आणि खिशातले फुटाणे खायला दिले. “पोट रिकामं ठेवू नका, भाऊ, आणि खाली झोपून छताकडे बघू नका,” असे तो म्हणाला. दुपारपर्यंत सावरलो.

आता उतरण्याचा दिवस. जलाश्वच्या मागच्या भागात जिनिंगच्या गोदामाएवढी एक उंच जागा आहे, तिला वेल डेक म्हणतात. टाक्यांत पाणी भरून जहाजाचा मागचा भाग खाली घेतात, मागचे दार उघडते, आणि समुद्राचे पाणी आत येऊन आतल्या सपाट तळाच्या नावा तरंगू लागतात. लोखंडाच्या त्या गोदामात पाणी शिरताना जो घुमणारा आवाज होतो, तो ऐकून माझी मान पुन्हा आखडली. मला ते लगेच जाणवले. जळगावच्या तलावातल्यासारखा सावकाश श्वास सोडला, खांदे सैल केले. शेजारच्या कोवळ्या जवानाचा चेहरा पांढरा पडला होता. त्यालाही तेच करायला सांगितले.

नावेत उभे राहताना गुडघे किंचित वाकवून ठेवायचे, आधार घट्ट धरायचा, जीवनरक्षक जाकिटाच्या पट्ट्या आपल्या आपण तपासून पुन्हा सोबत्याकडून तपासून घ्यायच्या. बंदुकीच्या नळीच्या तोंडावर वाळू आणि पाणी जाऊ नये म्हणून टोपण बसवलेले असते, ते पडले नाही ना हे पाहायचे. नाव किनाऱ्याला लागली तेव्हा धक्का बसला, समोरची फळी खाली पडली आणि मी मांडीपर्यंतच्या पाण्यात पाय टाकला. खाली वाळू होती, पण ती पायाखालून सरकत होती. पंधरा-वीस पावलांत मी कोरड्या वाळूवर होतो. ज्यासाठी सहा महिने झोप उडाली होती, ते अर्ध्या मिनिटात झाले. डाव्या बाजूला मरीनांचे जवान त्यांच्या नावांतून येत होते, आणि माझी नजर वाहनांकडे गेली, कारण खरे काम तिथून पुढे होते. मऊ वाळूत पहिले वाहन रुतू नये म्हणून जाळीचे पट्टे टाकायचे होते. दोन्ही हातांची फुली केली, चालक थांबला, पट्टे टाकले, पुढे घेतले.

काकीनाड्याच्या उकाड्याविषयी खान्देशातल्या माणसाने सावध राहावे. आपण त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंश सहज सोसतो, पण आपली हवा कोरडी असते आणि घाम वाळतो. तिथे घाम वाळतच नाही, त्यामुळे तहान लागल्याचे उशिरा कळते. मी दर तासाला घड्याळ पाहून पाणी प्यायलो आणि दिवसातून तीनदा क्षारांचे पाणी घेतले. ओले मोजे दुपारपर्यंत पायात ठेवलेल्या दोन जवानांच्या पायांना फोड आले.

पुढे काकीनाड्याच्या नौदल आवारात भूदल आणि मरीन यांचे संयुक्त मदत व वैद्यकीय शिबिर उभे राहिले. हवाई दलाचे वैद्यकीय पथकही सरावात होते. वादळात सापडलेल्या गावकऱ्यांची भूमिका करणारे लोक येत, त्यांची नोंद करायची, जखमेच्या गांभीर्याप्रमाणे लाल, पिवळी किंवा हिरवी चिठ्ठी बांधायची आणि पुढे पाठवायचे. नोंदणीच्या टेबलावर मी आणि एक मरीन जवान शेजारी बसलो होतो. दुपारी लक्षात आले की आमच्या याद्यांत एक माणूस जास्त आहे. शोधताना अर्धा तास गेला. एका म्हाताऱ्या बाबांनी तेलुगू रीतीप्रमाणे आधी घराण्याचे नाव आणि मग स्वतःचे नाव सांगितले होते. मी ऐकले तसे लिहिले, कारण आपल्याकडेही तलाठ्याच्या कागदावर आडनाव आधी येते. तेच बाबा चिठ्ठी हरवली म्हणून पुन्हा आले, तेव्हा माझ्या शेजाऱ्याने पहिला शब्द नाव आणि शेवटचा शब्द आडनाव समजून रकाने भरले. एक माणूस दोन झाला. खऱ्या वादळात हा गोंधळ झाला असता तर कोणीतरी त्या दुसऱ्या माणसाला शोधायला पुराच्या पाण्यात उतरले असते. चूक आम्हा दोघांची होती आणि आम्ही ती दोघांच्या वतीने लिहून दिली. श्रीकाकुलमचा एक शिपाई आमच्या तुकडीत होता, त्याला टेबलाच्या पुढे उभे केले; त्याने प्रत्येकाला तेलुगूतून घराण्याचे नाव, स्वतःचे नाव आणि गाव असे वेगवेगळे विचारले, आणि आम्ही चिठ्ठीवर क्रमांकही घातला. त्यानंतर याद्या जुळल्या. त्या दिवशी शिबिरात त्या शिपायाइतका महत्त्वाचा माणूस दुसरा नव्हता.

१३ एप्रिलला कॉमस्टॉक जहाजावर समारोप झाला. मी त्या वेळी वाहने गोड्या पाण्याने धूत होतो. खारे पाणी साखळ्यांत आणि बिजागऱ्यांत राहिले तर आठवड्यात गंज धरतो, म्हणून हे काम कोणावर ढकलू नये. निरोप घेताना शेजारच्या मरीन जवानाने आमचा खुणांचा पुठ्ठा मागितला. त्याने त्याचे छायाचित्र काढून घेतले आणि मूळ पुठ्ठा मला ठेवू दिला.

माझ्या खिशातून गेलेले पैसे एकूण ४,९८० रुपये. पोहण्याचे शुल्क परत मिळत नाही, ते धरून चालावे.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ३० एप्रिलला मी घरी होतो. काकीनाड्याचा काजा हा गोड पदार्थ नेला होता; आईने तो सांजोरीच्या ताटातच वाढला. अंगणातल्या निंबाला झोका बांधलेला होता आणि पोरी गाणी म्हणत होत्या. धाकट्या पुतण्याने भरतीचा अर्ज भरायला घेतला होता, म्हणून पुठ्ठा काढून त्याला एकेक खूण करून दाखवली. मग त्याचा अर्ज वाचला. वडिलांचे नाव त्याने दहावीच्या प्रमाणपत्रावर एक आणि अर्जात दुसरे लिहिले होते. आम्ही दोघे दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसने पारोळ्याला गेलो.